ड्रॅग बोटीचे डायकास्ट मॉडेल घेताना आधी ते उलटे करा

डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेले मॉडेल हातात आले की बहुतेकांची नजर रंगावर आणि चकचकीत इंजिनावर जाते. आमचा आग्रह असा की आधी ते उलटे धरा. ड्रॅग बोट म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीची मोटरबोट, आणि तिचा सगळा जीव तिच्या तळात असतो. मॉडेल करणाऱ्याने खरी बोट अभ्यासली आहे की वरवरचा देखावा उभा केला आहे, हे तळ पाहताच कळते. कोल्हापुरात गाड्यांची मॉडेल जमवणारे पुष्कळ आहेत, पण बोटींकडे वळणारे अजून थोडे. या नादात नव्याने पडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे.

शर्यत कसली असते

सांगलीला कृष्णेत होणाऱ्या होड्यांच्या शर्यती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. तिथे वल्ही मारणाऱ्यांच्या दंडाचा आणि दमाचा कस लागतो. ड्रॅग बोटींचा खेळ अमेरिकेतला, त्यातही कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाकडचा. दोन बोटी शेजारीशेजारी सुटतात, वळण नसते, आणि समोरची रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकतो. पूर्वी हे अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर असे. पुढे मोठ्या वर्गांसाठी ते 1000 फुटांवर, म्हणजे 305 मीटरवर आले. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या ज्या मरीन स्टेडियममध्ये 1932 च्या ऑलिंपिकची नौकानयन स्पर्धा झाली, त्याच पाण्यावर पुढे या बोटीही धावल्या. बेकर्सफील्डजवळचे लेक मिंग हे या खेळाचे आणखी एक जुने ठिकाण. सर्वांत वरच्या टॉप फ्युएल हायड्रो वर्गातल्या बोटी ताशी 250 मैलांच्या, म्हणजे 400 किलोमीटरच्या पुढे जातात.

एक घोटाळा नेहमी होतो. ‘मिस बडवायझर’सारख्या हायड्रोप्लेनची मॉडेल ड्रॅग बोट समजून घेतली जातात. त्या बोटी गोल फेऱ्यांच्या शर्यतीतल्या. सुंदर आहेत, संग्रहात जरूर ठेवाव्यात, पण जात वेगळी. विक्रेता काय म्हणतो यापेक्षा बोट कोणत्या शर्यतीत आणि कोणत्या वर्गात धावली, ते खोक्यावर वाचा.

तळात काय पाहायचे

ड्रॅग बोटींचे तळ ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला हायड्रोप्लेनचा. गोल फेऱ्यांच्या बोटींसारखाच हा तळ ड्रॅग बोटींतही असतो. पुढे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन, म्हणजे खाली उतरलेले जाड पंजे असतात. वेग घेतला की बोट हे दोन पंजे आणि मागचा पंखा (प्रोपेलर) एवढ्यावरच टेकते. मधल्या बोगद्यात हवा शिरते आणि बोटीला उचलून धरते. म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये दोन पंजांमधली जागा खरोखर पोकळ हवी. तिथे सपाट पट्टी मारून नुसती रेघ ओढली असेल तर ते मॉडेल खेळण्यात ठेवावे, संग्रहात नको.

दुसरा प्रकार सपाट तळाच्या व्ही-ड्राइव्ह बोटींचा. इंजिनाची ताकद आधी पुढच्या गिअरबॉक्सकडे जाते. तिथून शाफ्ट मागे वळतो, इंजिनाखालून तळ भेदून बाहेर येतो आणि शेवटी पंखा. उलटे धरल्यावर शाफ्ट तिरका बाहेर आलेला दिसला पाहिजे. त्याला आधार देणारा स्ट्रट, मागे रडर (सुकाणू), आणि मागच्या कडेला कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे बोटीचे नाक वर-खाली धरणाऱ्या हलत्या पट्ट्या, हेही हवे. यातले काय आहे आणि काय गाळले आहे, यावर आम्ही स्वतः किंमत ठरवताना बारकाईने विचार करतो.

तिसरी जेट बोट. तिला बाहेर पंखाही नसतो आणि रडरही नसते. तळातल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, पंप ते मागच्या नळातून जोराने फेकतो, आणि नळाचे तोंड फिरवले की बोट वळते. हे तंत्र 1950 च्या दशकात न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी उथळ नद्यांसाठी यशस्वी करून दाखवले. मॉडेलवर ‘जेट’ लिहिले आहे आणि मागे पंखा लटकतो आहे, असा माल बाजारात येतो. तो घेऊ नका.

मग इंजिन

तळ पटला की खुशाल इंजिनाकडे वळा, कारण तिथेही पाहण्यासारखे खूप आहे. या बोटींवरची बरीच इंजिने क्रायस्लरच्या हेमी घराण्यातली व्ही-8. त्यांच्या डोक्यावरचा पेटीसारखा भाग म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा ब्लोअर. त्यावर 6-71 किंवा 14-71 असे आकडे लिहिलेले दिसतात. मुळात हे ब्लोअर जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांसाठी होते, आणि 6-71 चा अर्थ सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घन इंच. शर्यतवाल्यांनी ते ट्रक आणि बसच्या इंजिनांवरून काढून आपल्या कामाला लावले, आणि मोठे आकडे पुढे शर्यतीसाठीच घडवले गेले. मॉडेलमध्ये ब्लोअरचा पट्टा दातेरी असावा आणि इंधनाच्या नळ्या प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोहोचलेल्या असाव्यात. या नळ्या खऱ्या बोटीत जाड का, याला कारण आहे. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला 14.7 भाग हवा लागते, वरच्या वर्गातल्या बोटींच्या नायट्रोमिथेन या इंधनाला फक्त 1.7 भाग. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन ओतता येते, आणि ताकद तिथून येते. बारीक दोऱ्यासारख्या नळ्या दिसल्या तर करणाऱ्याला हे उमजलेले नाही असे समजावे.

ओतीव काम

आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फौंड्रीत घरातले नाही तर गल्लीतले कुणीतरी असतेच. त्यांना मॉडेल दाखवा. आपल्या फौंड्रीत बहुतेक काम वाळूच्या साच्यात लोखंडाचे. मॉडेलमध्ये जस्ताचा मिश्रधातू, झमॅक, सुमारे 385 अंश सेल्सिअसला वितळतो आणि दाबाने पोलादी डायमध्ये भरला जातो. दोष मात्र ओळखीचेच: डायच्या जोडावर राहिलेली धातूची पातळ कड, म्हणजे फ्लॅश, जाड भागावर बसलेला खळगा, रंगाखाली आलेले फुगे. रंगाआधी जोडाची रेघ घासून काढली आहे का, हे कडेवरून नख फिरवले की समजते.

‘डायकास्ट’ लिहिले म्हणून अख्खी बोट धातूची असेल असे नाही. खरी बोट फायबरग्लासची, कडा पातळ, डेक लांब आणि सपाट. तो आकार धातूत साधणे अवघड जाते, म्हणून पुष्कळ मॉडेलमध्ये बोट प्लास्टिकची किंवा रेझिनची आणि इंजिन, ट्रेलर धातूचे असते. हे आम्ही दोष मानत नाही. पण ग्राहकाला ते आधी कळले पाहिजे, म्हणून आम्ही प्रत्येक मॉडेलसोबत कोणता भाग कशाचा ते लिहून देतो.

प्रमाण

20 फुटांची बोट 1:18 प्रमाणात सुमारे 34 सेंटिमीटर होते, 1:24 मध्ये 25, 1:43 मध्ये 14 आणि 1:64 मध्ये साडेनऊ. ट्रेलर धरून कपाटाची खोली मोजा, मग ठरवा. तपशील हवा असेल तर आमची पसंती 1:24 ला. तीन इंची खोक्यात मावण्यासाठी केलेल्या बोटी प्रत्यक्षात 1:80 च्या आसपास जातात, त्यामुळे 1:64 च्या ट्रकमागे जोडल्या की खुज्या दिसतात.

रंगाबद्दल एकच गोष्ट. 1960-70 च्या दशकांतल्या बोटींवर चमकीचा मेटलफ्लेक रंग असे. मॉडेलवरची चमकी त्या प्रमाणात बारीक हवी. ठसठशीत दाणे दिसले की एवढ्या कष्टाचे काम फुकट जाते.

आपला पाऊस आणि तुमचे कपाट

कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर मॉडेलसाठी कठीण. जस्तात शिसे किंवा कथिलाची भेसळ असेल तर दमट हवेत धातू आतून कुजत जातो. आधी बारीक भेगा, मग फुगवटा, शेवटी तुकडे. 1930 च्या दशकातली कितीतरी खेळणी अशीच गेली. यावर उपाय नाही. चांगल्या झमॅकमध्ये शिशाचे प्रमाण 0.005 टक्क्यांच्या आत ठेवतात. जुने मॉडेल घेताना ट्रेलरचा सांगाडा आणि स्ट्रट भिंगाखाली पाहा, भेग दिसली तर सोडून द्या. कितीही दुर्मीळ असले तरी.

कपाट काचेचे, घट्ट बंद होणारे हवे, आत सिलिका जेलच्या पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. काच बसवायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातून निघणारे आम्ल जस्ताला खाते. सुतार आणि काचवाले सवयीने तेच लावतात, म्हणून आधी सांगून ठेवा. रेझिनची बोट एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीपाशी ठेवली तर वाकते. ट्रेलरची मऊ टायरे प्लास्टिकच्या पाट्याला चिकटून डाग पाडतात, ट्रेलर स्टँडवर उचलून ठेवा किंवा चाकांखाली काचेची पट्टी द्या. धूळ मऊ ब्रशने झटका. क्रोम केलेल्या भागांना स्पिरिट लावू नका, मुलामा निघून येतो.

आमच्याकडे प्रत्येक खोके तुमच्यासमोर उघडून, मॉडेल उलटे करून दाखवले जाते. बाहेरून मागवायचे असेल तर आधी विक्रेत्याकडून तळाचा फोटो मागवून तुम्हाला पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच पैसे भरतो. घरातले जुने मॉडेल तपासायचे असेल तर घेऊन या, तपासणीचे पैसे घेत नाही. पावसाळ्यात आणणार असाल तर प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या कापडात गुंडाळून आणा.