वॅक्सी गव्हाची तपासणी: दाणे पाठवा, पीठ नको

साध्या गव्हाच्या स्टार्चमध्ये अमायलोज (स्टार्चचा आयोडीनने निळा होणारा घटक) 25 टक्क्यांच्या आसपास असतं आणि वॅक्सी गव्हात जवळजवळ नसतंच, हे तपासणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही दर उन्हाळ्यात संकराच्या दुसऱ्या पिढीचे दाणे दळून, पीठ बरणीत भरून येतं. सोबत चिठ्ठी: "वॅक्सी आहे का बघा."

पिठातून ते दिसत नाही. शरबती, लोकवन अशा गव्हांत अमायलोज बनवणारं जनुक तीन जागी असतं. वॅक्सी दाण्यात तिन्ही निकामी लागतात. जपानमध्ये 1995 साली 'कांतो 107' आणि 'बाई हुओ' या वाणांच्या संकरातून असा गहू मिळाला तो त्यामुळेच: एकात दोन जनुकं बंद, दुसऱ्यात तिसरं. दुसऱ्या पिढीत सरासरी 64 दाण्यांत एक वॅक्सी. आयोडीन लावलं की बाकीचे 63 निळे-काळे होतात आणि एकाचा तांबूस रंग पिठात हरवतो. शिवाय तो दाणाच दळला गेला, आता पेरणार काय? पुढची पेरणी नोव्हेंबरात, म्हणजे वर्ष गेलं.

आम्ही दाणा आडवा कापतो. अंकुर असलेला अर्धा भाग क्रमांकाच्या पुडीत, दुसऱ्या अर्ध्यावर आयोडीनचा थेंब. रंग तांबूस-तपकिरी आला की ती पुडी तुम्हाला परत, पेरायला. "किलोमागे दर का नाही?" असं विचारतात. दाणे हाताने, एकेक कापावे लागतात, म्हणून.

एक तरी वॅक्सी दाणा सापडण्याची शक्यता 95 टक्के हवी असेल तर 191 दाणे पाठवा. बन्सी गव्हात अशी जनुकं दोनच, म्हणून 16 दाण्यांत 1 वॅक्सी, त्यामुळे 47 पुरतात. दाणे दुसऱ्या पिढीचे, म्हणजे पहिल्या पिढीच्या झाडावरच्या ओंब्यांतलेच हवेत. संकर केलेल्या ओंबीतले सगळे निळेच येणार, त्याची फी परत मिळत नाही. औषध लावलेलं लाल बियाणं तर नकोच.

वाढीव अमायलोजच्या गव्हाचं वेगळं. तिथे आयोडीनचा रंग निळाच राहतो, प्रमाण मोजावं लागतं. त्यासाठी मात्र स्थिर झालेल्या वाणाचं पीठ चालतं, तेही एका बरणीत एकच वाण.

संकर करण्याआधी फोन केलात तर दाण्यांचा हिशेब आम्ही विनामूल्य करून देतो.