शिडी घाट की गणेश घाट? एसटीने जाऊन पायी भीमाशंकर गाठणाऱ्यांसाठी

कर्जतच्या बाजूने भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. दोन्ही खांडस गावातून निघतात, दोन्ही डोंगराच्या मधल्या पठारावर एकत्र येतात आणि दोन्हींबद्दल बोलताना लोक सरसकट 'आम्ही खांडसहून भीमाशंकर केलं' एवढंच सांगतात. कोणत्या घाटाने, ते विचारल्याशिवाय कळत नाही. मग एकाने सांगितलेली वेळ आणि दुसऱ्याने सांगितलेली भीती यांची सरमिसळ होते. 'चार तासांत होतं, वाट अगदी सोपी आहे' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, तर त्यातले चार तास शिडी घाटाचे आहेत आणि सोपेपणा गणेश घाटाचा. एकाच वाटेवर या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

नावांचा घोळ आधी मिटवू. गणेश घाट आणि गणपती घाट एकच. वाटेच्या सुरुवातीला गणपतीचं छोटं देऊळ आहे, त्यावरून दोन्ही नावं चालतात. शिडी घाटाला मात्र दुसरं नाव नाही, आणि त्यात लोखंडी शिड्या खरोखरच आहेत.

आता डोंगराची रचना. कोकणातून सह्याद्री वर चढतो तो इथे दोन टप्प्यांत. खालचा टप्पा खांडसपासून पदरापर्यंत, म्हणजे कड्याच्या कमरेला असलेल्या सपाटीपर्यंत. तिथे पदरवाडी ही वस्ती आहे. वरचा टप्पा पदरापासून माथ्यापर्यंत. एकूण चढाई आठ-नऊशे मीटरची. शिडी घाट आणि गणेश घाट वेगळे आहेत ते फक्त खालच्या टप्प्यात. वरचा टप्पा दोघांना सारखाच: दाट झाडीतली, जवळजवळ कुठेही उसंत न देणारी उभी चढण, तासा-दीड तासाची. 'गणेश घाट सोपा' असं ऐकून आलेले बरेच जण पदरावर चहा पिताना खुशीत असतात आणि पुढच्या वीस मिनिटांत त्यांचा चेहरा उतरतो. सोपी होती ती अर्धी वाट. उरलेल्या अर्ध्याला गणेश घाट असं काही नाव नाही, पण ती चुकवताही येत नाही.

खालचा टप्पा तपशिलात पाहू, कारण निवड तिथेच करायची आहे.

खांडसच्या पुढे रस्त्यावर पूल लागतो. तिथून उजवीकडचा रस्ता गणेश घाटाकडे जातो, डावीकडची वाट विहिरीवरून शिडी घाटाकडे. शेतात, अंगणात कोणीतरी असतंच, त्यांना एकदा विचारून खात्री करून घ्या. फक्त 'भीमाशंकर कुठे?' असं विचारू नका. ते दोन्हीकडे आहे. घाटाचं नाव घेऊन विचारा.

शिडी घाट नाकासमोर जातो. कड्याच्या ज्या खाचेतून पावसाचं पाणी खाली येतं, तिच्याच आधाराने वाट वर चढते आणि कातळ उभा झाला की शिडी येते. शिड्या तीन. त्या चढणं फारसं अवघड नाही, हात घट्ट धरले की झालं. खरी अडचण दोन शिड्यांच्या मधल्या कातळाची. तिथे एका बाजूला दरी ठेवून आडवं सरकावं लागतं, पाय ठेवायला खोबण्या आहेत पण त्या शोधाव्या लागतात, आणि पाठीवरची मोठी सॅक कातळाला लागून माणसाला बाहेर ढकलते. दोर बांधलेला असला तरी तो कधीचा आणि कोणी बांधला हे कळायला मार्ग नसतो. शिडीवर एका वेळी एकच माणूस, हा नियम गर्दीत मोडतो, आणि हिवाळ्यातल्या रविवारी इथे अक्षरशः रांग लागते. मागचे लोक घाई करतात, पुढचा घाबरलेला असतो, आणि वाचलेला तासभर रांगेतच जातो. एरवी नेहमीच्या चालीने शिडी घाटाने साडेतीन-चार तासांत माथा येतो.

गणेश घाट वळसा घालतो. गणपतीच्या देवळापर्यंत रुंद रस्ता, मग झाडीतली पायवाट. ती पदरगडाला बगल देत हळूहळू उंची मिळवते. पदरगड हा छोटा, सुळके असलेला, माथ्यावर जायला कातळारोहण लागणारा किल्ला. त्याला कलावंतिणीचा महाल असंही म्हणतात. वाटेवरून कोथळीगडाचा, म्हणजे पेठच्या किल्ल्याचा सुळका ओळखू येतो. वेळ पाच ते सहा तास. उघड्यावरची, दरीच्या काठची धास्ती इथे जवळपास नाही. पण धोका नाही असंही नाही. इथला धोका वाट चुकण्याचा. पदरगडाकडे जाणाऱ्या वाटा फुटतात, गुरांच्या वाटा फुटतात, लाकूडफाट्याला जाणाऱ्यांच्या वाटा फुटतात, आणि पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं झालं की सगळ्या सारख्याच दिसतात. दगडांवर रंगाने काढलेले बाण दहा-पंधरा मिनिटं दिसले नाहीत तर मागे फिरावं.

लाकडाच्या मोळ्या, धान्य, देवाला निघालेली म्हातारी माणसं यांची ये-जा गणेश घाटाने व्हायची आणि अजून थोडीफार होते. महाशिवरात्रीला कोकणातून चालत येणाऱ्यांचे जथे याच डोंगरातून चढतात. रस्त्याने कर्जतहून भीमाशंकर म्हणजे खोपोली, लोणावळा, चाकण, राजगुरुनगर असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा. डोंगरातून चालत अर्धा दिवस. पायवाट अजून जिवंत आहे ती हौशी ट्रेकरांमुळे नव्हे, या हिशेबामुळे.

पावसाळ्यात निवडीचा प्रश्नच उरत नाही. शिडी घाट पाण्याच्या वाटेवर बांधलेला आहे. जोराची सर आली की ज्या खाचेत शिडी, त्याच खाचेतून धबधबा, आणि शिड्यांमधल्या त्या कातळावर शेवाळ. प्रशासन आणि वनखातं पावसाळ्यात या वाटांवर बंदी घालतात, तेव्हा लोक 'आम्हाला अनुभव आहे' म्हणून बाजूने घुसतात. अनुभवी माणसाचं वजनही ओल्या कातळावर तेवढंच असतं. पावसात जायचंच असेल तर बंदी आहे का ते आधी विचारून, गणेश घाटाने, आणि मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी तेही नाही. शिडी घाटाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर खालच्या टप्प्यात ऊन भाजून काढतं, पण गणेश घाटाला सावली बरी असल्यामुळे पहाटे निघालं तर तो जमतो.

जंगलासाठी म्हणून कोणी विचारलं, तर माझं मत सरळ आहे: गणेश घाट. शिडी घाटात तुमचं लक्ष हातापायांकडे असतं, झाडाकडे बघायला मान वर करायचीही सोय नसते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, ते पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलं आहे, आणि त्याची ओळख म्हणजे शेकरू, आपला राज्यप्राणी. शेकरू दिसण्याआधी त्याचं घरटं दिसतं, उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोळा. ते बघायला थांबून थांबून चालावं लागतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, खाली कारवीचं रान. कारवी सात वर्षांनी फुलते. तो हंगाम साधला तर घाटाचा उतारच निळा-जांभळा दिसतो. हिरडा या भागातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या कमाईचा मोठा आधार आहे, त्यामुळे झाडाखाली पडलेली फळं 'गंमत म्हणून' पिशवीत भरू नयेत. पावसाळ्यात इथल्या कुजक्या लाकडांवर रात्री चमकणारी बुरशीही असते, पण ती बघायला रात्री जंगलात शिरायला परवानगी नाही, हे लक्षात असू द्या.

नदीसाठी येणाऱ्यांचा एक वेगळाच गैरसमज असतो. वाटेत भीमा नदी लागेल असं त्यांना वाटतं. लागत नाही. दोन्ही घाट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहेत, तिथलं पाणी उल्हास नदीकडे आणि पुढे अरबी समुद्राला जातं. भीमा माथ्यावर उगम पावते आणि पाठमोरी, पूर्वेकडे निघते. चासकमान आणि उजनी ही धरणं, मग पंढरपूरची चंद्रभागा, आणि शेवटी ८६१ किलोमीटरचा प्रवास करून कृष्णेत. पदरावर सांडलेलं पाणी एका समुद्राला, माथ्यावर सांडलेलं दुसऱ्या. नदी म्हणून काही बघायचं असेल, तर देवळापासून जंगलातून गुप्त भीमाशंकरपर्यंत, म्हणजे भीमेच्या प्रवाहातल्या शिवलिंगापर्यंत जाऊन यावं. दीड-दोन किलोमीटर चाल आहे. माथ्यावरच्या नागफणी या कड्याच्या टोकाला गर्दी जास्त असते. तिथून तुम्ही चढून आलेली बाजू खाली पसरलेली दिसते.

देवळाबद्दल थोडक्यात: शिखराचं काम नाना फडणवीसांच्या नावावर आहे, आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक इथे आहे.

आता एसटी, कारण निवडीची दुसरी बाजू तिच्यावर अवलंबून आहे. मुंबईहून लोकलने कर्जत, साधारण दोन तास. कर्जतहून खांडसची एसटी आहे, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या. ती चुकली तर कशेळ्यापर्यंत शेअर टमटम आणि कशेळ्याहून खांडसला दुसरी. नेरळला उतरूनही कशेळ्याला जाता येतं. कशेळ्याच्या फाट्यावर लक्ष ठेवा: कोथळीगडाला जाणारे आंबिवलीच्या गाडीत बसतात, आणि सॅक घेतलेले सगळे एकाच ठिकाणी चाललेत असं समजून भीमाशंकरवालेही कधी कधी तीच गाडी पकडतात. पाटी वाचावी, कंडक्टरला विचारावं. गाडीची वेळ नेटवर बघून भागत नाही. आदल्या दिवशी आगारात फोन करणं जास्त भरवशाचं. भाड्यात महिलांना २०२३ च्या मार्चपासून निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. आजी-आजोबांना घाट चढवायचा नाही, पण माथ्यावर भेटायचं असेल तर ते पुण्याकडून एसटीने आरामात येऊ शकतात.

माथ्यावर एसटीचं स्थानक आहे आणि तिथून पुण्याला गाड्या सुटतात, घोडेगाव, मंचर मार्गे. खांडसला तशी खात्री नाही. म्हणून एसटीवर अवलंबून असलेल्या माणसाने खांडसहून चढावं आणि वर संपवावं. उशीर झाला तरी वर मुक्कामाची सोय मिळते, खाली अंधारात अडकलं तर कशेळ्यापर्यंत गाडी शोधत बसावं लागतं. पुण्याची गाडी शिवाजीनगरची म्हणून लिहिलेली असते, पण मेट्रोच्या कामामुळे ते स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. पुणेकरांनाच यात गोंधळ होतो, मुंबईकरांनी तर आधी विचारूनच घ्यावं.

पुण्याच्या मंडळींना हे उलटं करावंसं वाटतं: सकाळच्या एसटीने भीमाशंकर, घाट उतरून खांडस, कर्जतहून रेल्वेने परत. चालेल, पण दोन अटींवर. पहिली, उतरायला गणेश घाटच. शिडी घाट उतरताना पायाखालची खोबण दिसत नाही, चढताना जी हातापाशी असते ती उतरताना पायाने चाचपडावी लागते, आणि वर येणाऱ्यांची रांग समोर उभी असते. 'शिडीने चढा, गणेशने उतरा' हा जुना सल्ला याच कारणाने आहे, आणि तो ऐकून चढ-उतार एका दिवसात करायचा तर नऊ-दहा तास हाताशी हवेत. हिवाळ्यात एवढा उजेड जेमतेम पुरतो. दुसरी अट वेळेची. पुण्याहून गाडीला साडेतीन-चार तास लागतात, दर्शनाची रांग वेगळी. दुपारी एक वाजेपर्यंत माथा सोडता आला नाही, तर उतरण्याचा बेत रद्द करून त्याच स्थानकावरून परतीची गाडी धरावी. खांडसहून कशेळ्याला नेणारी गाडी सकाळीच फोनवर ठरवून ठेवली तर उत्तम. चालक गावातलेच असतात. रेंज मात्र पदरावर धरसोड करते, म्हणून तो फोन माथ्यावरूनच करून घ्यावा.