गव्हाच्या बिअरमधले केळे

साताऱ्यात शाहूपुरीतील एका मित्राच्या घरी आम्ही चौघे एका लहान ब्रुअरीच्या चार बिअर चाखायला बसलो होतो. आधी फिकी लॅगर, मग गव्हाची बिअर, त्यानंतर कडवट आयपीए आणि शेवटी काळी स्टाउट असा क्रम मुद्दाम ठरवला होता, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो आणि त्याच्या मागून आलेली सौम्य चव कळेनाशी होते.

दुसऱ्या पेल्याला पिकल्या केळ्याचा स्पष्ट वास होता आणि त्यामागोमाग लवंग जाणवत होती. मित्र म्हणाला, “यात इसेन्स घातला असणार.” बाटलीवर मात्र पाणी, गव्हाचे व जवाचे माल्ट, हॉप्स आणि यीस्ट एवढेच घटक छापलेले होते, आणि त्यावर विश्वास ठेवायला काहीच हरकत नव्हती, कारण हे दोन्ही गंध यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, स्वतःच तयार करते.

नाचणीच्या सत्त्वासाठी आपण धान्याला मोड आणतो, तसेच माल्टसाठीही आणतात. मोड येताना धान्यात विकरे (एन्झाइम) तयार होतात. पुढे हे धान्य भरडून गरम पाण्यात ठेवले की ती पिष्टाची साखर करतात. यीस्ट या साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तर बनवतेच, शिवाय अत्यल्प प्रमाणात आयसोअमाइल अॅसिटेट नावाचे एस्टरही (फळांसारख्या वासाचे संयुग) बनवते, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही हेच रसायन प्रमुख असते. (मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना सावध करणारा जो गंध सोडते, त्यातही ते असते, महाबळेश्वरजवळच्या मांघर या मधाच्या गावातील मधपाळांना हे सांगायला मला फार आवडेल.) लवंगेची गोष्ट याहून सुंदर आहे. धान्याच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल असते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइडचा रेणू काढून टाकते आणि लवंगेसारखा वास असलेले संयुग उरते. बिअरच्या बहुतेक इतर यीस्टांनी ही क्षमता गमावलेली आहे. जर्मनीतील बव्हेरियाच्या 1516 सालच्या नियमाने बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांना परवानगी दिली होती. यीस्टचा त्यात उल्लेखही नव्हता, कारण ते काय काम करते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

आयपीएचा कडवटपणा उकळण्यातून येतो, कारण हॉप्समधील आम्लांची रचना उष्णतेने बदलते आणि मगच ती नीट विरघळतात. सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरला पाणी 95 ते 96 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे तेवढ्याच कडवटपणासाठी तिथे हॉप्स अधिक वेळ उकळावे लागतील. स्टाउटचा कॉफीसारखा वास खरपूस भाजलेल्या जवाचा असतो.

मित्राची शंका मिटली नव्हती. म्हणून त्याला नाक चिमटीत धरून गव्हाची बिअर पुन्हा प्यायला सांगितले. त्याला फक्त किंचित गोड, किंचित आंबट पाणी लागले. घोट गिळून त्याने नाक सोडले, तेव्हा घशामागून वर चढलेले गंधाचे रेणू नाकातील ग्राहींपर्यंत पोहोचले आणि केळे परत आले.