मातीला जाणं आणि जुना हिशेब

सोलापूरकडच्या गावांत बांधावरून बोलणं तुटलेले भाऊबंदही एकमेकांच्या मातीला जातात. नाही गेलं तर गाव नाव ठेवतं. तोच माणूस नावडता पुढारी गेल्यावर मात्र मोबाइलवर अडतो. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स लागलेले असतात, इकडे कुणी गेलेल्याची जुनी पापं काढतो, आणि लगेच त्याला दटावलं जातं: मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, ही आपली परंपरा.

परंपरा खरंच तेवढीच आहे का? 'मरणान्तानि वैराणि' हे वचन वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडातलं. बिभीषण रावणाचे अंत्यसंस्कार करायला तयार नसतो, तेव्हा राम त्याला समजावतो की वैर मरणापाशी संपलं, आता हा जसा तुझा तसा माझाही. पण तिथेच राम रावणाला अधर्मी आणि असत्याने वागणारा म्हणतो, आणि तेजस्वी, शूरही म्हणतो. वैर संपलं म्हणून रामाने दोष झाकले नाहीत. हा भाग आपण सोयीने गाळतो, याचं मला वाईट वाटतं. १६५९ साली मारल्या गेलेल्या अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, आणि त्याच्या वधाचे पोवाडेही गायले जातात.

पुण्याने तर उलटाही प्रकार पाहिला. सनातन्यांनी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालेल्या टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. १९१५ मध्ये मवाळ नेते गोपाळ कृष्ण गोखले वारले. आयुष्यभराचे मतभेद असूनही टिळक स्मशानात गेले आणि त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. त्यासाठी त्यांनी आपला जहालपणा सोडला नाही.

अलीकडचा प्रसंग २०१२ चा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका मुलीला आणि ती पोस्ट लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या पोस्टमध्ये मृताला शिवी नव्हती, शहर आदराने नाही तर भीतीने बंद आहे, असं म्हटलं होतं. या अटकेनंतर ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं.

मृताच्या बदनामीचा गुन्हा मात्र आजही आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्यासाठी मृताच्या घरच्यांचं किंवा जवळच्या नातेवाइकांचं मन दुखावण्याचा हेतू असावा लागतो. कार्यकर्त्यांचं मन दुखावलं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.