टेबलटॉप खेळांच्या पुरस्कारांसाठी परीक्षक निवड

टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांसाठी विनामानधन काम करणारे परीक्षक शोधणे, त्यांची पात्रता पडताळणे, हितसंबंध तपासणे आणि परीक्षण सुरू होण्यापूर्वी त्या सर्वांना एका मापावर आणणे, या प्रक्रियेला परीक्षक निवड म्हणतात. या खेळांत बोर्ड गेम, पत्त्यांचे व फाशांचे खेळ, मिनिएचर (छोट्या प्रतिकृतींनी खेळायचे) युद्धखेळ आणि रोल-प्लेइंग (खेळाडू पात्रे बनून गोष्ट रचतात ते) खेळ येतात. प्रस्तुत नोंदीत मुंबईसारख्या शहरात ही निवड कशी करावी याचा विचार प्रामुख्याने केला आहे.

एकांकिका स्पर्धेतले परीक्षक एकाच रंगमंचावरचा एकच प्रयोग शेजारी शेजारी बसून पाहतात. खेळांच्या परीक्षणात तसे होत नाही. प्रत्येक परीक्षकाचा डाव वेगळा, सोबतचे खेळाडू वेगळे, फाशांनी दिलेली साथही वेगळी. नियम समजण्यात एक चूक झाली तर परीक्षक तो खेळ सोडून भलताच खेळ तपासत बसतो आणि त्याला ते कळतही नाही. त्यामुळे येथे परीक्षकाची जाण जितकी महत्त्वाची तितकीच त्याची नियम वाचण्याची शिस्त महत्त्वाची ठरते. निवडीच्या बहुतेक कसोट्या याच मुद्द्यावर बेतलेल्या असाव्यात.

प्रचलित पद्धती

जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो. त्याचे परीक्षक खेळांवर लिहिणारे समीक्षक असतात आणि खेळ-उद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्यांना मंडळात स्थान नसते. मुलांच्या खेळांसाठी २००१ पासून आणि सरावलेल्या खेळाडूंच्या खेळांसाठी २०११ पासून स्वतंत्र पुरस्कार आहेत. मुलांच्या खेळांचे परीक्षक मंडळही वेगळे असते. विजेत्या प्रकाशकाला खोक्यावर पुरस्काराचे चिन्ह छापण्यासाठी शुल्क द्यावे लागते आणि संस्थेचा खर्च त्यातून भागतो. कल्पनेचे नावीन्य, नियमांची स्पष्टता, मांडणी आणि घडणावळ असे त्यांचे जाहीर निकष आहेत.

रोल-प्लेइंग खेळांसाठी अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या ‘एनी’ पुरस्कारांची रीत अगदी निराळी आहे. तेथे पाच परीक्षक दरवर्षी खुल्या मतदानाने निवडले जातात. ते प्रवेशिकांमधून नामांकने ठरवतात आणि अंतिम विजेता पुन्हा जनमताने ठरतो. खेळांच्या क्षेत्रातील उत्कृष्ट कामासाठी दिल्या जाणाऱ्या ‘डायना जोन्स’ पुरस्काराच्या समितीतील बहुतेक सदस्यांची नावे जाहीर केली जात नाहीत.

खुल्या मतदानामुळे लोकांचा विश्वास मिळतो, पण ज्याचे अनुयायी जास्त तो निवडून येतो. सदस्यांनीच नवे सदस्य घेण्याची पद्धत दर्जा टिकवते, पण एकाच आवडीची माणसे जमत जातात. गुप्त समितीवर दबाव येत नाही, मात्र तिचे हितसंबंधही कोणाला तपासता येत नाहीत. खेळाडूंचे वर्तुळ लहान असलेल्या शहरासाठी खुला अर्ज, चाचणी आणि हरकतींची मुदत अशी मिश्र पद्धत सर्वांत योग्य आहे.

परीक्षकांची संख्या आणि वेळेचा हिशेब

या कामात सर्वांत दुर्मीळ गोष्ट वेळ असते. जाणकार माणसे त्यामानाने सहज मिळतात. तीस प्रवेशिका आल्या असे धरू. प्रत्येक खेळाची नियमपुस्तिका वाचायला एक तास आणि दीड तासाचा एक असे किमान तीन डाव धरले, तर एका खेळाला साडेपाच तास लागतात. प्रत्येक परीक्षकाने सगळे खेळ तपासायचे ठरवले तर १६५ तास होतात. सोळा आठवड्यांत हे बसवायचे म्हणजे आठवड्याला दहा तासांहून जास्त. नोकरी करणारा स्वयंसेवक हे पाळू शकत नाही. मग तो शेवटचे दहा खेळ घाईने उरकतो किंवा न खेळताच गुण देतो, आणि पुरस्कारावरचा विश्वास तेथेच उडतो.

म्हणून दोन फेऱ्या कराव्यात. सात परीक्षक असतील तर पहिल्या फेरीत प्रत्येक खेळ तीन परीक्षकांकडे जावा. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तेरा खेळ येतात आणि वाचन व एक डाव धरून साडेबत्तीस तास लागतात. त्यातून निवडलेले आठ खेळ दुसऱ्या फेरीत सातही जणांनी प्रत्येकी तीनदा खेळायचे, म्हणजे छत्तीस तास. आधी न वाचलेल्या नियमपुस्तिकांचे वाचन मिळवून एकूण सुमारे ७५ तास होतात, आठवड्याला पाचच्या आत. ही बेरीज अर्जाच्या पहिल्या पानावरच छापावी. ती वाचून जे मागे हटतात त्यांनी आयोजकांवर उपकारच केलेले असतात.

रोल-प्लेइंग खेळांचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन-अडीचशे पानांचे पुस्तक आणि तीन-चार तासांचे किमान एक सत्र धरावे लागते, शिवाय ते सत्र परीक्षकाने स्वतः चालवून पाहिलेले असावे. नुसते वाचून पुस्तकाची भाषा आणि चित्रे कळतात. पुस्तक टेबलावर उघडले की हवा तो नियम किती लवकर सापडतो हे कळत नाही. या विभागासाठी स्वतंत्र मंडळ नेमणे बरे.

सात परीक्षकांसोबत दोन राखीव हवेत. राखीव परीक्षकाने पहिल्या दिवसापासून खेळत राहायचे असते. एखादा परीक्षक बाजूला झाल्यावर राखीव शोधायला निघाले तर त्याला तोवरचे खेळ पुन्हा खेळायला वेळच उरत नाही.

पात्रता

घरात किती खेळ आहेत यावरून परीक्षक निवडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मोठा संग्रह आवड आणि ऐपत दाखवतो, पारख दाखवत नाही. उलट असे अर्जदार बहुधा एकाच प्रकारचे, तीन तासांचे अवघड खेळ खेळत असतात आणि कुटुंबासाठी बनवलेल्या वीस मिनिटांच्या खेळाला ‘हलका’ म्हणून गुण कापतात. खेळ ज्याच्यासाठी बनवला आहे त्याच्या जागी बसून तो तपासता येणे ही खरी पात्रता होय.

अर्जात पुढील गोष्टी मागवाव्यात: गेल्या बारा महिन्यांत खेळलेल्या खेळांची यादी, एका आवडलेल्या आणि एका न आवडलेल्या खेळावर प्रत्येकी तीनशे-चारशे शब्दांचे परीक्षण, सोबत खेळायला नेहमी कोण असते याची माहिती, आणि उपलब्ध तासांचे लेखी आश्वासन. न आवडलेल्या खेळाचे परीक्षण जास्त बारकाईने वाचावे. ‘कंटाळा आला’ एवढेच लिहिणारा आणि ‘चार खेळाडूंत आपली पाळी यायला बारा मिनिटे लागतात, तोवर करण्यासारखे काही नसते’ असे लिहिणारा, यांतला दुसरा उपयोगी. परीक्षणे वाचताना अर्जदारांची नावे झाकलेली असावीत.

मंडळाची घडण एकूण पाहावी लागते. सात जणांत किमान दोघे लहान मुलांसोबत नियमित खेळणारे, किमान तिघे मराठी नियमपुस्तिका सहज वाचणारे हवेत. मराठी नियमपुस्तिकेची परीक्षा ती एकटी समोर ठेवूनच घ्यायची असते. इंग्रजी प्रत हाताशी असली की भाषांतरातली गाळलेली वाक्ये डोळ्यांतून सुटतात. लाल-हिरव्या रंगांतला फरक न जाणवणारा किंवा बारीक अक्षर वाचायला त्रास होणारा परीक्षक मिळाला तर तो मंडळाचा लाभच आहे. सोंगट्यांचे रंग आणि पत्त्यांवरची अक्षरे तो ज्या नजरेने तपासतो ती इतरांकडे नसते.

हितसंबंध

मुंबईत खेळ रचणारे, छापणारे, विकणारे, कॅफे चालवणारे आणि व्हिडिओ करणारे एकमेकांना ओळखतात. कोणाशीच ओळख नसलेला परीक्षक हवा असा आग्रह धरला तर खेळ न खेळणारी माणसेच उरतील. म्हणून ओळख लपवायला लावण्यापेक्षा ती लिहून घ्यावी आणि तिचा परिणाम काय होईल हे आधीच ठरवावे. त्यासाठी तीन पायऱ्या पुरतात.

पहिली पायरी, अपात्रता: त्या वर्षी प्रवेशिका पाठवणाऱ्या प्रकाशकाकडे गेल्या चोवीस महिन्यांत नोकरी, भागीदारी, पगारी संपादन, चित्रकाम वा भाषांतर केलेले, स्वतःचा खेळ स्पर्धेत असलेले, तसेच अशा व्यक्तींचे पती-पत्नी, आईवडील, भावंडे व मुले. दुसरी पायरी, त्या एका खेळापुरती माघार: नियमपुस्तिकेच्या श्रेयनामावलीत प्लेटेस्टर (छपाईपूर्वी खेळ खेळून तपासणारा) म्हणून नाव असणे, रचनाकाराशी घरोबा असणे, त्या खेळाचा जाहिरातवजा व्हिडिओ केलेला असणे. तिसरी पायरी, नुसती नोंद: समारंभातली ओळख, परीक्षणासाठी पूर्वी मिळालेली फुकट प्रत, क्राउडफंडिंगमध्ये (खेळ काढण्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याच्या मोहिमेत) पैसे घालून घेतलेली प्रत.

क्राउडफंडिंगचा मुद्दा आता टाळता येत नाही. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने ‘शासन’ या राजकारणावरच्या खेळासाठी २०१९ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर निधी उभारला, तेव्हापासून येथील खेळाडूंना हा मार्ग चांगलाच परिचयाचा आहे. एक प्रत आगाऊ विकत घेणे हा ग्राहकाचा व्यवहार आहे. तेवढ्यासाठी माघार नको. मात्र मोठी रक्कम घालून खेळात स्वतःचे नाव किंवा चेहरा छापून घेतलेला असेल तर प्रकरण दुसऱ्या पायरीवर जाते.

खेळ विकणाऱ्या कॅफेच्या मालकाबद्दल मतभेद होतात. त्याने दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त लोकांना खेळ शिकवलेले असतात, तरीही त्याला परीक्षक करू नये. विजेत्या खेळाचा साठा त्याच्याच कपाटात असण्याची शक्यता मोठी असते. सल्लागार म्हणून त्याचे म्हणणे ऐकावे, गुणपत्रिका त्याच्या हाती देऊ नये.

निवडीचे टप्पे

निवड समिती तीन जणांची असावी आणि त्यांच्यापैकी कोणीही परीक्षक होऊ नये. जाहीर सूचना दिल्यावर अर्जांसाठी तीन आठवडे पुरतात. छाननीनंतर दहा-बारा जणांना प्रत्यक्ष चाचणीला बोलवावे. चाचणीसाठी कोणालाच माहीत नसलेला, पाऊण तासात संपणारा खेळ घ्यावा आणि खोके बंद स्थितीत द्यावे. अर्जदाराने नियम वाचायचे, इतर तिघांना समजावायचे, खेळायचे आणि न बोलता गुणपत्रिका भरायची. निरीक्षक दोनच गोष्टी टिपतो: नियमांत किती चुका झाल्या, आणि शंका आल्यावर अर्जदाराने पुस्तिका उघडली की अंदाजाने ठोकून दिले. दुसऱ्या गोष्टीला अधिक वजन द्यावे. कोणाचीही नियम समजण्यात चूक होऊ शकते, पण पुस्तिका न उघडणारा ती चूक शेवटच्या डावापर्यंत करत राहतो.

निवडलेल्यांची नावे आणि त्यांनी लिहून दिलेले हितसंबंध जाहीर करून हरकतींसाठी दहा दिवस द्यावेत. निनावी हरकत नोंदवू नये, परंतु हरकत घेणाऱ्याचे नाव समितीबाहेर जाऊ देऊ नये. त्यानंतर सर्वांनी मिळून गेल्या वर्षीचे दोन खेळ तपासण्याची एक सरावबैठक घ्यावी. तेथे ‘नियमांची स्पष्टता: १० पैकी ६’ म्हणजे नेमके काय, यावर एकमत होते.

मुंबईतील व्यवहार

पावसाळ्यात पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पुठ्ठ्याच्या पटाला बाक येतो. जुलैत तपासलेल्या प्रतीला घडणावळीचे गुण कमी पडले तर तो दोष बहुधा हवेचा असतो. अर्ज आणि चाचणी पावसाळ्यात उरकून प्रत्यक्ष परीक्षण अनंत चतुर्दशीनंतर सुरू करावे, दिवाळीचा आठवडा सोडावा आणि जानेवारीअखेर निकाल लावावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षक आणि पालक दोघेही परीक्षांत अडकतात. प्रत्येक खेळाच्या तीन प्रती मागवाव्यात: एक पश्चिम रेल्वेच्या बाजूला फिरण्यासाठी, एक मध्य व हार्बरच्या बाजूला, आणि तिसरी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद, फक्त घडणावळ तपासण्यासाठी. एकत्र बैठका दादरला ठेवल्या तर दोन्ही बाजूंच्या लोकांना सोयीचे पडते. रविवारच्या ब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच वेळ ठरवावी.

मानधन नसले तरी प्रवास, चहा-नाश्ता आणि कॅफेत टेबलाचे पैसे आयोजकांनी भरावेत. ते न दिल्यास वसई, डोंबिवली, पनवेलचे परीक्षक दुसऱ्या महिन्यात गळतात आणि मंडळात दादर-वांद्र्याचेच लोक उरतात. तपासून झालेल्या प्रती शाळांना वा वाचनालयांना द्याव्यात. परीक्षकांनी त्या घरी न्यायच्या असतील तर ते वस्तुरूपातले मानधन ठरते आणि तसे आधी जाहीर करावे लागते.

गुणदान आणि माघार

गुण चर्चेआधी लिहून बंद करावेत, कारण पहिला ठाम आवाज उरलेल्यांची मते ओढून नेतो. सढळ आणि कडक परीक्षकांचे गुण थेट मिळवू नयेत. क्रम लावायला सांगावे. मात्र एखाद्याने एका खेळापुरती माघार घेतली असेल तर त्याचा क्रम आठाऐवजी सातच खेळांचा असतो आणि क्रमांकांची बेरीज चुकीची येते. अशा वेळी दोन-दोन खेळांची तुलना करून, ते दोन्ही तपासलेल्या परीक्षकांपैकी किती जणांनी कोणता वर ठेवला हे मोजावे. दुसऱ्या फेरीत कोणत्याही खेळाला किमान चार परीक्षक उरलेच पाहिजेत. न उरल्यास राखीव परीक्षकाचे गुण धरावेत.

संगणकावर खेळलेला डाव तीनांपैकी एकापुरताच मान्य करावा. तेथे नियम यंत्र पाळते, सोंगट्या आपोआप मांडल्या जातात आणि मांडामांडीला लागणारी वीस मिनिटे परीक्षकाला दिसतच नाहीत. उरलेल्या दोनांपैकी एक डाव खोक्यावर लिहिलेल्या कमाल खेळाडूसंख्येने झाला पाहिजे. मुलांच्या खेळांत मुले खेळतात, गुण परीक्षक देतात. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांची नावे नोंदीत लिहू नयेत.

प्रत्येक डावाची तारीख, खेळाडूसंख्या व लागलेला वेळ एका वहीत नोंदवावा. आठव्या आठवड्याला वह्या तपासून ज्याचे काम ठरल्याच्या चाळीस टक्क्यांहून कमी झाले असेल त्याच्या जागी राखीव परीक्षक घ्यावा, आणि हा नियम नेमणूकपत्रातच असावा. परीक्षकाची मुदत दोन वर्षांची, दरवर्षी तीन किंवा चार जण बदलणारी ठेवतात. मुदत संपल्यावर पुढचे एक वर्ष त्याला मंडळावर परत घेत नाहीत. आपण दुसऱ्या फेरीत तपासलेल्या खेळांच्या प्रकाशकाकडे पगारी काम त्या वर्षभरात घेणार नाही, असे प्रत्येक परीक्षकाकडून नेमणुकीच्या वेळीच लिहून घेतात.