फिलिपिनो मारधाडपट व नाट्यपट

फिलिपाईन्समध्ये साधारण १९७० ते २००० या काळात, मुख्यतः टागालोग भाषेत निघालेले मारधाडीचे आणि सामाजिक-कौटुंबिक चित्रपट. समीक्षक या दोहोंचा विचार वेगवेगळा करतात. पण दोन्हींकडे नायक बहुधा तोच असतो : अन्याय सोसत राहिलेला आणि अखेरीस हात उगारणारा गरीब माणूस.

मोठ्या स्टुडिओंची सद्दी १९६० च्या दशकात ओसरली आणि लोकप्रिय नट स्वतःच निर्माते झाले. त्यांत अग्रणी फर्नांडो पो (धाकटे). त्यांचा नायक मितभाषी. आधी मार खातो, अपमान गिळतो आणि मगच उठतो. ‘आंग पांदाय’ (१९८०) या चित्रकथेवरून केलेल्या चित्रपटातला लोहार उल्केच्या धातूचा खंजीर घडवतो आणि तो उंचावताच त्याची तलवार होते. रामोन रेव्हिल्या यांनी ‘नार्दोंग पुतिक’मध्ये काव्हिते प्रांतातला एक खराखुरा गुंड उभा केला, त्याच्याजवळच्या ताईतामुळे त्याला गोळी लागत नाही, अशी लोकांची समजूत होती.

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, सेन्सॉरचा जाच वाढला. तरीही नाट्यपटाचा सर्वांत कसदार काळ हाच. दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या ‘मायनिला, सा मांगा कुको नांग लिवानाग’ (१९७५) मध्ये कोळ्यांच्या गावातला तरुण हरवलेल्या प्रेयसीच्या शोधात मनिलात येतो. बांधकामावर राबताना तो एका रकमेवर सही करतो आणि हातात त्याहून कमी पैसे पडतात. शोषण म्हणजे काय, हे या एका प्रसंगाने कोणत्याही भाषणापेक्षा नेमके सांगितले आहे. त्यांचाच मनिलातल्या तोंदो भागातील झोपडपट्टीत घडणारा ‘इन्सियांग’ १९७८ साली कान महोत्सवात दाखवला गेला. तेथे पोहोचलेला तो पहिला फिलिपिनो कथापट. ‘बायान को’ (१९८४) मध्ये तर दोन्ही प्रवाह एकत्र येतात : बायकोच्या बाळंतपणाचे बिल भागवता न आल्याने छापखान्यातला कामगार दरोड्यात सामील होतो.

इश्माएल बेर्नाल यांचा ‘हिमाला’ (१९८२) सरकारी पैशातून निघाला, पण आंधळ्या श्रद्धेवर त्याने निर्भयपणे बोट ठेवले. दुष्काळी गावात चमत्कार करणाऱ्या एल्साच्या भूमिकेत नोरा औनोर यांनी चेहऱ्याची हालचाल जवळजवळ न करता जे साधले आहे, ते पाहायलाच हवे. त्यांच्या प्रतिस्पर्धी विल्मा सांतोस ‘सिस्टर स्टेला एल.’ (१९८४) मध्ये संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहणारी ख्रिस्ती जोगीण झाल्या. दोघींच्या चाहत्यांचे अक्षरशः दोन तट होते.

पडद्यावरची प्रतिमा राजकारणात थेट कामी आली. रेव्हिल्या १९९२ मध्ये सिनेटर झाले. मारधाडपटांतले नायक जोसेफ एस्त्रादा ‘एराप गरिबांसाठी’ (एराप हे त्यांचे टोपणनाव) या घोषणेवर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, पण जानेवारी २००१ मध्ये जनआंदोलनाने त्यांना पायउतार व्हावे लागले. पो २००४ ची अध्यक्षपदाची निवडणूक हरले.

१९९० च्या दशकाअखेर आशियाई आर्थिक संकट, चोरट्या प्रती, केबल आणि करांचा बोजा यांमुळे उत्पादन घसरले. ब्रोका यांच्या ‘मायनिला’ व ‘इन्सियांग’च्या दुरुस्त केलेल्या प्रती अनुक्रमे २०१३ आणि २०१५ मध्ये कान येथे दाखवल्या गेल्या. मारधाडपटांच्या वाट्याला अशी निगा फारच कमी आली, आणि हा अन्याय आहे.