लॉट चाचणी, नेमबाजीतील

लॉट चाचणी : विशिष्ट रायफलीला किंवा पिस्तुलाला कोणत्या लॉटची (कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाची) काडतुसे मानवतात, हे पारखण्याची पद्धत. नेमबाजांच्या बोलण्यात ‘ॲम्युनिशन टेस्टिंग’ किंवा नुसतेच ‘टेस्टिंग’. 50 मी. रायफल आणि 25 मी. पिस्तूल या प्रकारांत लागणाऱ्या पॉइंट टू-टू (.22 इंची) काडतुसांसाठी ती मुख्यतः केली जाते. कोल्हापूरचा या काडतुसाशी जुना घरोबा आहे. तेजस्विनी सावंत (2010, म्युनिक, पालथे पडून मारण्याच्या 50 मी. प्रोन रायफलमध्ये 600 पैकी 597 गुण व जागतिक विजेतेपद), राही सरनोबत (2018, पालेंबांग, 25 मी. पिस्तूलमध्ये आशियाई सुवर्ण) आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे (2024, पॅरिस, 50 मी. रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य) या तिघांचेही काडतूस हेच.

शिकारीच्या मॅग्नम रायफलींच्या जगात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. .375 एच अँड एच (1912) किंवा .300 विंचेस्टर मॅग्नम (1963) यांसारख्या काडतुसांत स्फोटक टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. वापरलेली टोपी काढून नवी बसवता येते, पितळी कोश पुन्हा आकारात आणता येतो, दारू तोलून भरता येते, गोळी कोशात किती खोल बसवायची तेही हातात असते. म्हणजे काडतूसच रायफलीच्या मापाने शिवून घ्यायचे. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हा घरगुती छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 आल्यापासून शिकारच बंद. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान 1958 मध्येच गव्यांसाठी अभयारण्य झाले होते.

पॉइंट टू-टूमध्ये (लाँग रायफल हा त्याचा आजचा प्रकार 1887 पासूनचा) शिवून घेण्याची सोयच नाही. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ काठात फिरवून बसवलेले असते. पिन त्या काठावर आदळली की काठ चेपतो, आणि चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून जे आले ते आले. त्यामुळे उरते ती निवड. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या, एकाच नावाच्या डब्यांतही लॉटगणिक फरक पडतो. मिश्रण काठात किती सारखे पसरले, शिशाची गोळी कोशात किती घट्ट बसली, तिच्यावरचे ग्रीस किती, यंत्राची पाती किती झिजली होती, अशी कारणे अनेक. कोल्हापूरच्या माणसाला हे गुळावरून लगेच कळावे : ऊस तोच, गुऱ्हाळ तेच, गुळव्याही तोच, तरी प्रत्येक आधणाचा गूळ वेगळा, आणि व्यापारी रवा फोडून बघितल्याशिवाय भाव बोलत नाही.

फरक किती महाग पडतो, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. 50 मी. रायफलीच्या लक्ष्यावर 10 गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिमी असतो. गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, 5.6 मिमी जाडीची, आणि तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला 325 मी.च्या आसपास ठेवलेला. एवढ्या वेगाने 50 मी. कापेपर्यंत ती सुमारे 11.6 सेंमी खाली येते. तीच गोळी 315 मी. वेगाने सुटली तर सुमारे 12.35 सेंमी. म्हणजे वेगातल्या 10 मी.च्या फरकाने गोळी सुमारे साडेसात मिमी खाली लागली, आणि नेमबाजाने काहीच चुकवलेले नाही! (हवेचा रोध इथे सोडून दिला आहे, तो धरला तर फरक थोडा वाढतोच.)

पण सारख्या वेगाचा लॉट म्हणजे चांगला लॉट, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. दारू पेटताच नळी थरथरू लागते आणि तिचे तोंड वरखाली होते. तोंड वर जात असतानाच गोळी बाहेर पडत असेल, तर उशिरा निघालेली मंद गोळी किंचित वरच्या दिशेने सुटते आणि तिची घसरण थोडीफार भरून निघते. हे जुळणे त्या नळीपुरते असते. म्हणून मैत्रिणीच्या रायफलीत झकास चाललेला लॉट आपल्या रायफलीत पसरतो. दुसऱ्याच्या शिफारशीवर पेट्या घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

एली (ब्रिटन), लापुआ (फिनलंड) यांसारख्या काडतूस कंपन्यांची स्वतःची चाचणी केंद्रे आहेत. तिथे रायफलीचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा दस्ता काढून उरलेला भाग वाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळतात आणि 50 मी.वर एकेका लॉटचे 10-10 गोळ्यांचे ग्रुप (छिद्रांचे पुंजके) घेतात. लॉट बदलला की आधीच्या ग्रीसचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंतच्या गोळ्या मोजत नाहीत. आवडलेल्या लॉटच्या पेट्या तिथेच राखून ठेवता येतात. परदेशी जाणे ज्यांना जमत नाही, त्यांची चाचणी आपल्याच रेंजवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून होते. कोल्हापुरातल्या दुधाळीसारख्या रेंजवर सराव करणाऱ्याला वारा पडलेली सकाळ त्यासाठी बरी. ग्रुप मोजताना सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर कॅलिपरने घेतात आणि त्यातून 5.6 मिमी वजा करतात. पाच गोळ्यांचा सुरेख ग्रुप बघून भुलू नये. त्याच काडतुसांचा 10 गोळ्यांचा ग्रुप सरासरीने चौथाईने मोठा येतो, आणि एकच ग्रुप म्हणजे तर निव्वळ योगायोगही असू शकतो. चार ग्रुप, म्हणजे 40 गोळ्या, ही निदान मर्यादा. 50 गोळ्यांच्या डबीत उरतात त्या दहा आधी नळी सरावण्यासाठी जातात.

वाइसमध्ये पहिला आलेला लॉट खांद्यावरही पहिला येईलच असे नाही, कारण गालाचा, हाताचा आणि पट्ट्याचा दाब नळीच्या थरथरीत भर घालतो. म्हणून पहिले दोन-तीन लॉट पडून नेम धरून पुन्हा तपासतात. 10 मी. एअर रायफलचे 4.5 मिमीचे छर्रेही असेच पारखतात, तिथे 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिमीचा असल्याने छर्ऱ्याच्या डोक्याचे माप मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत बघतात.

निवडलेला लॉट स्पर्धेसाठी राखून सरावाला दुय्यम लॉट वापरण्याची रीत आहे. पेटीवर लॉट क्रमांक छापलेला असतो; नेमबाज तो आपल्या वहीत रायफलीच्या नळीच्या क्रमांकासमोर लिहून ठेवतात. नळी बदलली की वहीतली ती ओळ रद्द होते आणि लॉट संपला तरीही.